कर्नलमधील रिग्रेशन शोधताना या चुका टाळा

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. जुन्या कर्नलवर नीट चालणारी गोष्ट नव्या कर्नलवर बिघडली तर तिला रिग्रेशन म्हणतात, आणि लिनक्समध्ये अशा बिघाडाची जबाबदारी वापरकर्त्याची नव्हे, तर तो बदल करणाऱ्याची मानली जाते. मात्र नेमक्या कोणत्या बदलाने बिघाड आणला, हे शोधून देण्याचे काम बहुधा ज्याच्या यंत्रावर तो दिसतो त्यालाच करावे लागते. सांगलीत माझ्याकडे हे काम शिकायला येणारी मुले हुशार असतात, तरी सर्वांत महागडी चूक तीच ती होते: तपासलेल्या कर्नलला 'गुड', म्हणजे बिघाड नसलेला, हा निकाल देण्याची घाई.

गिट या साधनातील बायसेक्ट ही आज्ञा दर पायरीला मधला कर्नल तपासायला देते आणि आपल्या 'गुड' किंवा 'बॅड' निकालावरून उरलेल्या कमिट, म्हणजे कोडमधील नोंदवलेले बदल, निम्म्यावर आणते. दोन मेनलाइन (मुख्य कर्नलच्या) आवृत्त्यांमध्ये, म्हणजे नऊ-दहा आठवड्यांत, १०,००० हून अधिक कमिट साचतात, तरी साधारण १४ पायऱ्यांत दोषी कमिट हाती लागते. पण एकच 'गुड' चुकीचा दिला, तर पुढचा सगळा शोध भलत्याच भागात चालतो आणि ते कळण्याचा कोणताही मार्ग गिटकडे नसतो. 'बॅड' म्हणायला बिघाड एकदा दिसणे पुरेसे असते. 'गुड' मात्र तो न दिसण्यावरच अवलंबून असते.

मार्केट यार्डातील एका हळद व्यापाऱ्याच्या संगणकाला यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टरने वजनकाटा जोडलेला होता. कर्नल बदलल्यापासून पाच वेळा संगणक सुरू केला की एखाद्या वेळी वजन पडद्यावर येत नसे. सौद्यांचे दिवस असल्याने मी घाई केली, प्रत्येक कर्नल दोनदाच बूट करून पाहिला, आणि दोन दिवसांनी बायसेक्टने ज्या कमिटकडे बोट दाखवले ती एका एआरएम बोर्डाच्या, म्हणजे वेगळ्याच प्रकारच्या प्रोसेसरच्या, ड्रायव्हरची होती. त्या संगणकावर ती फाइल कंपाइलसुद्धा होत नव्हती. दोष पाचांत एकदा दिसत असेल, तर दोन्ही वेळा तो न दिसण्याची शक्यता ६४ टक्के असते. २० वेळा पाहिल्यास ती जेमतेम एका टक्क्यावर येते. बायसेक्टचा लॉग जपून ठेवला होता, म्हणून त्यातील सुरुवातीचा वगळता सर्व 'गुड' काढून टाकले, डोळ्यांनी पाहिलेले 'बॅड' तसेच ठेवले आणि तेथून पुढे प्रत्येक कर्नल २० वेळा तपासला. खरी कमिट वीज वाचवण्यासाठी यूएसबी उपकरण झोपवणाऱ्या कोडमध्ये निघाली. ताज्या मेनलाइनवर ती रिव्हर्ट केल्यावर, म्हणजे मागे घेतल्यावर, काटा सलग चालला, तेव्हाच मी ती कळवली. हा शेवटचा पडताळा टाळणाऱ्याचा अहवाल मी वाचायलाही घेत नाही.

दुसरी चूक कॉन्फिगची, म्हणजे कर्नल बांधताना निवडलेल्या पर्यायांच्या यादीची, आहे. बायसेक्ट मागेपुढे उड्या मारत असताना आधीच्या पायरीचीच कॉन्फिग फाइल पुढे वापरत गेल्यास जुन्या कर्नलला माहीत नसलेले पर्याय गळून पडतात, नव्या कर्नलवर ते डीफॉल्ट होऊन परततात, आणि आपण एकाच वेळी दोन गोष्टी बदलत बसतो. मी चांगल्या कर्नलची फाइल सोर्सच्या बाहेर ठेवतो आणि दर पायरीला तीच आणून 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' (नवे पर्याय डीफॉल्टवर ठेवणारी आज्ञा) चालवतो. बिल्ड लवकर व्हावा म्हणून 'लोकलमॉडकॉन्फिग' जरूर वापरावे, पण ते त्या क्षणी लोड असलेलेच मॉड्यूल (कर्नलचे सुटे भाग) ठेवते, त्यामुळे आधी सर्व उपकरणे जोडावीत.

बिल्ड न होणाऱ्या कमिटला अंदाजाने 'बॅड' म्हणू नये. त्यासाठी 'स्किप' आहे. बूट झालेला कर्नल आपणच बांधलेला आहे का, हे दर वेळी 'यूनेम -आर' या आज्ञेने पाहावे. डिस्ट्रिब्युशनने (उबुंटूसारख्या तयार लिनक्सने) पॅच, म्हणजे बदल, केलेला कर्नल किंवा बाहेरचे मॉड्यूल घेऊन तक्रार करू नये.

दुरुस्ती पाठवताना 'फिक्सेस' या ओळीत दोषी कमिटच्या हॅशची (ओळख-क्रमांकाची) पहिली १२ अक्षरे आणि तिचे शीर्षक लिहावे, कारण ती दुरुस्ती कोणत्या स्टेबल (जुन्या आवृत्त्यांना दुरुस्त्या पुरवणाऱ्या) मालिकांत न्यायची, हे ठरवताना त्याच ओळीचा आधार घेतला जातो. आणि ती आधी मेनलाइनमध्ये गेल्याशिवाय स्टेबलमध्ये घेतली जात नाही.