लाळेचा थेंब आरशात पकडायचा कसा

ग्रंथी म्हटलं की मुलांना गळ्याजवळची गाठ आठवते, आणि पुस्तकातली आकृती कितीदा गिरवली तरी ती गाठ सुटत नाही. म्हणून तासगाव भागातल्या शाळेत शिकवताना मी धड्याआधी वर्गात हातआरसे आणि चिंच वाटायचे. घरीही जमतं.

हात धुवा, खिडकीपाशी उभे राहा, मोबाइलची बॅटरी लावा. तोंड फार वासू नका, गाल ताणला की दिसायचं तेच लपतं. बोटाने गाल बाहेर ओढा. वरच्या मधल्या दातापासून मोजत मागे गेलात की सातवा दात, म्हणजे दुसरी दाढ. तिच्यासमोर गालाच्या आत तिळाएवढा उंचवटा असतो. तो कापसाने कोरडा करा. मग जिभेवर चिंचेचा एवढासा तुकडा ठेवा आणि कानाच्या पाळीपासून गालावर पुढे हलकं दाबत बोट आणा. उंचवट्यातून पाण्यासारखा थेंब येतो. इथे वर्गात हमखास "ईऽऽ" व्हायचं. (चिंच आधी दिली तर तोंडात तळं होतं आणि काहीच दिसत नाही, हे मी पहिल्या वर्षी शिकले.)

हा थेंब कानापुढच्या लाळग्रंथीतून साधारण ५ सेंटिमीटरच्या नळीने आला. नळी हातालाही लागते. दात घट्ट आवळा, गालाच्या हाडाखाली बोटभर अंतरावर, फुगलेल्या स्नायूवर बोट वर-खाली फिरवा. दोऱ्यासारखं काहीतरी निसटतं. १६६० मध्ये नील्स स्टेनसेन या तरुण डॅनिश विद्यार्थ्याला ॲमस्टरडॅममध्ये मेंढीचं डोकं कापताना ती सापडली. नळीला आजही त्याचंच नाव आहे.

आता द्राक्षाचा घड समोर घ्या, आमच्याकडे त्याला तोटा नव्हता. मुख्य देठ म्हणजे ही नळी. तिला बारीक देठ, त्यांच्या टोकांना मणी. प्रत्येक मणी म्हणजे पाचरीसारख्या पेशींचं कडं, मधे पोकळी. पेशी रक्ताकडून पाणी आणि क्षार घेते, विकर (अन्न पचवायला मदत करणारी द्रव्यं) स्वतः तयार करून इवल्या पुड्यांत बांधते. चिंचेची बातमी मज्जातंतूंनी आणली की पुड्या पोकळीच्या बाजूला उघडतात, पेशी मात्र शाबूत राहते. मण्याभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींचे हात असतात, ते पिळतात. इथे घडाची उपमा उलटी होते, कारण द्राक्षात रस देठातून मण्यात जातो, ग्रंथीत मण्यातून देठात. वाटेत नळी मीठ परत शोषून घेते, म्हणून लाळ अश्रूंसारखी खारट लागत नाही.

सगळ्या ग्रंथी अशा नसतात. केसांच्या मुळाशी तेल देणारी पेशी तेलाने भरून अख्खीच फुटते. थायरॉइडला मणी आहेत पण देठ नाही, तिचा माल थेट रक्तात जातो.

शेवटी जीभ टाळूला लावा. जिभेखालच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना दोन टिंबं दिसतील. ही जबड्याखालच्या ग्रंथींची तोंडं. इथली लाळ जरा दाट, बोटांत धरली तर तार येते.

या टिंबांनी मला चांगलंच छळलंय. जेवायला बसलं की जबड्याखाली लिंबाएवढी सूज यायची आणि तासाभरात ओसरायची. एका दवाखान्यात दोनदा दाढेचीच औषधं मिळाली. निघाला नळीतला खडा, ज्वारीच्या दाण्याएवढा. लाळ दाट आणि नळी खालून वर चढणारी, त्यामुळे लाळेचे बहुतेक खडे इथेच होतात. नळीचं तोंड बंद, पण ताट दिसलं की मणी आपले लाळ गाळतच राहतात. सूज त्याची होती. अशी सूज तुम्हाला आली तर ती कधी येते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मी नुसतं "इथे दुखतं" म्हणाले होते.