माउंटन बाइकवाल्यांमधील शिष्टाचार आणि शिष्टपणा: दोन्ही वेगळे कसे ओळखावेत

रविवारी पहाटे जळगावच्या मेहरूण तलावापाशी जाड टायरच्या सायकली घेऊन पाच-सहा जण जमलेले असतात. आपणही नवी सायकल घेऊन तेथे पोहोचतो आणि राम राम होण्याआधीच त्यांच्यातील एक गृहस्थ आपल्या सायकलीची मधली नळी धरून ती एका हाताने उचलतात, तोलून पाहतात, खाली ठेवतात आणि काहीच बोलत नाहीत. त्या न बोलण्याचा अर्थ नवख्याला बरोबर कळतो, आणि पुढच्या रविवारी यावे की नाही याचा विचार त्याच्या मनात तेथेच सुरू होतो. हा लेख अशा नवख्यासाठी आहे.

मराठीत शिष्टाचार आणि शिष्टपणा हे दोन्ही शब्द ‘शिष्ट’ या एकाच शब्दापासून आले, आणि डोंगरात सायकल चालवणाऱ्यांच्या मेळाव्यातही ही दोन भावंडे इतकी गळ्यात गळा घालून हिंडतात की एकाला नमस्कार करताना दुसऱ्यालाही घडतो. अलिखित नियम कानावर पडला की एकच प्रश्न विचारावा: हा नियम मोडल्याने इजा कोणाला होते? वाटेला, जनावराला, शेतकऱ्याला किंवा सोबत्याला होत असेल, तर तो शिष्टाचार होय आणि तो निमूटपणे पाळावा. इजा केवळ कोणाच्या मताला होत असेल, तर तो शिष्टपणा समजावा. काही नियम मात्र दिसायला शिष्टपणाचे आणि आतून शहाणपणाचे असतात. त्यांच्यापाशी थोडे थांबावे लागते.

पहिली पायरी: आपल्या सायकलीविषयीची भीड घालवावी

ज्या खेळात आज चाक २९ इंची आहे की २६ इंची यावरून माणसाची किंमत केली जाते, त्याचा उगम जुनाट सायकलींतून झाला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन भागात, माउंट टॅमलपाइसच्या परिसरात, काही तरुण १९३० आणि १९४० च्या दशकांतील जाड टायरच्या जड सायकली दुरुस्त करून डोंगरावरून खाली सोडत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे ‘रीपॅक’ (म्हणजे ‘पुन्हा भरणे’) नावाची पहिली शर्यत झाली. अंतर साधारण साडेतीन किलोमीटर आणि उतार सुमारे चारशे मीटर होता. पेडल उलटे फिरवून लावायच्या ब्रेकमधील ग्रीस त्या उतारावर तापून जळत असे आणि प्रत्येक फेरीनंतर नवे भरावे लागे, म्हणून शर्यतीला ते नाव पडले. आपली सायकल पाहून नाक मुरडणाऱ्याला हा इतिहास ऐकवू नये, कारण तोही एक प्रकारचा शिष्टपणाच होईल. पण स्वतःच्या मनात तो ठेवावा.

यानंतर सायकलीवरील वस्तूंकडे पाहावे. स्टँड, मडगार्ड, कॅरिअर आणि घंटी असलेली सायकल ‘खरी एमटीबी’ (माउंटन बाइक) नव्हे, असे आपणास सांगण्यात येईल. यातील प्रत्येक वस्तूचा निवाडा निरनिराळा आहे. मडगार्ड पावसाळ्यात काढावेच, कारण तापीकाठची काळी माती टायर आणि मडगार्ड यांच्या मध्ये अशी घट्ट बसते की चाक फिरेनासे होते आणि काडीने माती उकरत बसण्याची वेळ येते. स्टँड खडकाळ उतारावर हादऱ्यांनी खाली येऊ शकतो, म्हणून डोंगरात जाताना तो काढलेला बरा. तलावाभोवती फिरण्यासाठी तो असल्याने कोणाचेच काही बिघडत नाही. कॅरिअर सैल असेल तर खडखडतो, एवढाच त्याचा दोष. घंटी मात्र कोणी कितीही हसले तरी काढू नये, आणि त्याचे कारण पुढे येईल.

वजनाविषयी थोडक्यात. सुरुवातीच्या किमतीतील गिअरची सायकल १४-१५ किलोची असते आणि शर्यतीची कार्बनची सायकल १० किलोच्या आसपास येते. हा फरक चढावर जाणवतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि तेव्हा तीन लिटर, म्हणजे तीन किलो, पाणी पाठीवर घ्यावेच लागते. सायकलीचे शंभर ग्रॅम कमी करण्यासाठी हजारो रुपये खर्चून पाणी मात्र अर्धाच लिटर घेऊन आलेले गृहस्थ मी पाहिले आहेत, आणि दहा वाजल्यानंतर त्यांची नजर कोणाच्या बाटलीवर असते, तेही पाहिले आहे.

दुसरी पायरी: वाट कोणाची आहे, हे आधी विचारावे

आपल्याकडे सायकलींसाठी आखलेल्या डोंगरवाटा जवळजवळ नाहीत. ज्या वाटेला आपण ‘ट्रेल’ म्हणतो, ती कोणाची तरी गाडवाट, पाणंद, गुरांची वाट किंवा देवदर्शनाची पायवाट असते. हे एकदा मनात ठसले की निम्मा शिष्टाचार आपोआप येतो.

यावल अभयारण्य, तसेच पाटणादेवीचा परिसर ज्यात येतो ते गौताळा औट्रमघाट अभयारण्य, येथे वनविभागाची परवानगी घेतल्याशिवाय आतल्या वाटांवर सायकल घालू नये. ‘आम्ही तर नेहमी जातो’ असे जुन्या सायकलस्वाराने ऐटीत सांगितले, तरी त्याचे ऐकू नये. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात ठिबकच्या नळ्या कधी कधी वाटेवर आडव्या पडलेल्या असतात; त्यांच्यावरून टायर नेऊ नये, उतरून सायकल उचलून पलीकडे ठेवावी. शेताच्या तोंडाशी बाभळीची काटेरी फांदी आडवी लावलेली असेल, तर बाजूला केलेली फांदी पलीकडे गेल्यावर पुन्हा होती तशीच लावावी. पेरणीच्या दिवसांत बांधावरून जाऊ नये. धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात वर्षभर सायकलस्वार फिरतात, पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९३७ मधील मुक्कामाच्या स्मरणार्थ ३१ जुलैला लांडोर बंगल्याकडे लोकांची रीघ लागते. त्या दिवशी ती वाट चालणाऱ्यांची असते आणि सायकलस्वाराने एक तर पायी जावे, नाही तर दुसरीकडे जावे.

तिसरी पायरी: दुसऱ्याच्या पिशवीवर भिस्त ठेवू नये

पावसाळा संपला की शेतांच्या कडेने सराटे वाळतात आणि त्यांच्या काट्यांपुढे कोणत्याही कंपनीचा टायर सारखाच असतो. दोन ट्यूब, पंप, टायर काढण्याच्या पट्ट्या आणि पॅच-सोल्युशन स्वतःजवळ असावे. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून फडके फिरवून काटा शोधावा, कारण आत राहिलेला काटा दुसरी ट्यूबही फोडतो आणि मग सगळा जथा आपल्यासाठी उन्हात उभा राहतो. पंक्चर काढता येत नसेल तर ते आपल्या गल्लीतील सायकल दुकानात बसून शिकावे. जो कारागीर रिमचा आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, नुसत्या नजरेने काढतो, त्याच्याकडे अर्धा तास बसल्याने जे समजते ते पाठ केलेल्या तांत्रिक शब्दांनी समजत नाही.

पंक्चर काढताना सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी केली की काही जणांच्या कपाळावर आठ्या येतात. हायड्रॉलिक (तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक असतील तर त्यातील हवा सरकून ब्रेक मऊ पडण्याची शक्यता असते, एवढ्यापुरत्या त्या आठ्या खऱ्या आहेत. तारेचे ब्रेक असतील तर खुशाल उलटी करावी.

चौथी पायरी: वाटेवर कोणी कोणासाठी थांबावे

उतरणाऱ्याने चढणाऱ्यासाठी थांबावे, हा या खेळातील जगभर मान्य असलेला नियम आहे. चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा पेडल मारून निघणे कठीण जाते, उतरणाऱ्याला मात्र ब्रेक सोडला की पुरते. अरुंद घाटरस्त्यावर खाली येणाऱ्या गाडीने वर चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते, त्याचेच हे छोटे रूप होय. पायी चालणाऱ्यासाठी मात्र सायकलस्वारानेच थांबावे, मग तो चढत असो वा उतरत असो. आणि डोक्यावर मोळी किंवा हंडा असलेल्या बाईसाठी वाट सोडून पूर्ण बाजूला उभे राहावे.

कॅलिफोर्नियात १९८८ मध्ये सायकलस्वारांच्या काही क्लबांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि असे नियम लिहून काढले, ते काही सौजन्याच्या उमाळ्याने नव्हे. पायी चालणाऱ्यांच्या आणि घोडेस्वारांच्या तक्रारींमुळे तेथील वाटा सायकलींना बंद होत होत्या, म्हणून ही निकड निर्माण झाली. आपल्याकडे वाट बंद करण्यासाठी कार्यालय लागत नाही. एका शेतकऱ्याने ठरवले की काटे पडतात.

बैलांविषयी सविस्तर सांगणे भाग आहे, कारण तेथे चूक माझी स्वतःची होती. मनुदेवीच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी मी एका उतारावरून चांगल्या वेगात खाली येत होतो. सायकल नवी होती, साखळीला तेल होते आणि ‘डोंगरात घंटी शोभत नाही’ हे ऐकून मी ती काढून टाकली होती. वळणापलीकडे कपाशीने भरलेली बैलगाडी होती. आवाज नसल्याने बैलांना मी अगदी जवळ आल्यावर दिसलो, ते बुजले आणि गाडीचे एक चाक चरात गेले. गाडीवानाने शिवी दिली नाही. ‘भाऊ, वाजवत यायचं ना,’ एवढेच तो म्हणाला. कपाशीचे गाठोडे पुन्हा चढवायला मला पाऊण तास लागला आणि दुसऱ्या दिवशी मी घंटी बसवली. मोटारीच्या आवाजाला बैल सरावलेले असतात, पण मागून किंवा वळणाआडून चुपचाप येणाऱ्या चाकाला ते बिचकतात. म्हणून वळणाआधी घंटी वाजवावी, जनावर दिसताच वेग कमी करावा, गुराख्याला आवाज द्यावा आणि तो हात करीपर्यंत पुढे जाऊ नये. शेळ्यांच्या कळपातून मार्ग काढू नये. कळप जाईपर्यंत उतरून उभे राहावे.

मागचे चाक जाम करून घसरत थांबणे हे अनेकांना कौशल्य वाटते. प्रत्यक्षात त्या घसरणीने वाटेवर ओरखडा पडतो, पावसाचे पाणी त्याच ओरखड्यातून वाहू लागते आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा ओघळ होतो. तसेच पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानातील पाणंदीवर दोन-तीन दिवस कडक ऊन पडेपर्यंत जाऊच नये. ओल्या चिकट मातीत उमटलेले चर वाळून दगडासारखे होतात आणि त्यांत पाय मुरगळतो तो आपला नव्हे, पहाटे पाणी धरायला जाणाऱ्याचा. तेवढे दिवस मुरमाड माळावर फिरावे.

पाचवी पायरी: थांब्यावर कसे वागावे

चढ संपल्यावर पुढचे लोक मागच्यासाठी थांबतात. नवखा धापा टाकत पोहोचतो आणि तो पोहोचताच सगळे उठून निघतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. माझ्या मते या खेळातील सर्वांत मोठे असभ्य वर्तन हे आहे, आणि त्याविरुद्ध कोणी बोलत नाही. शेवटचा मनुष्य पोहोचल्यानंतर किमान पाच मिनिटे कोणी उठू नये, आणि तो ‘चला’ म्हणेल तेव्हाच निघावे.

सायकल आडवी ठेवताना साखळीची बाजू वर ठेवावी, कारण मागचे गिअर त्याच बाजूला असतात आणि दगडावर पडले की वाकतात. चाक काढलेल्या सायकलीचा डिस्क ब्रेक दाबू नये, आणि डिस्कला तेलकट बोट लावू नये. परक्याची सायकल विचारल्याशिवाय उचलू नये. प्रारंभी आलेल्या गृहस्थांना हेच लागू आहे.

वस्तीवर कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला तर तो घ्यावा. स्वतःची बाटली दाखवून नकार देणे समोरच्याला लागते. पाणी घेताना हातमोजे काढावेत. खाऊच्या पुड्यांचे कागद मात्र खिशात घालून घरी न्यावेत.

सहावी पायरी: बोलण्यातील काटे

‘कितीला पडली?’ हा प्रश्न गावकऱ्याने विचारला तर ते कुतूहल असते आणि सोबत्याने विचारला तर बहुधा मोजमाप असते. गावकऱ्याला खरे सांगावे; सोबत्याला ‘मला परवडली तेवढ्याला’ म्हणावे आणि विषय वाटेकडे वळवावा. बुटाला अडकणारी पेडले नसल्याबद्दल कोणी कीव केली, तर सपाट पेडलांवरही उत्तम चालवता येते एवढे शांतपणे सांगून गप्प बसावे. हेल्मेटचा आग्रह कोणी धरला तर मात्र वाद घालू नये. तो शिष्टपणा नव्हे.

न मागितलेला सल्ला हा शिष्टपणाचा सर्वांत गोड प्रकार आहे आणि तो स्त्री सायकलस्वारांच्या वाट्याला अधिक येतो. चार वर्षे चालवणाऱ्या बाईंना पहिल्याच चढावर गिअर कसा बदलावा हे सांगणारा ‘दादा’ प्रत्येक जथ्यात असतो. कोणी वाटेत थांबलेले दिसले तर ‘ताई, सगळं आहे ना?’ एवढे विचारावे, ‘हो’ आले की पुढे जावे, ‘नाही’ आले तर उतरावे.

शेवटी गावातील दूधवाल्यांविषयी. दोन बाजूंना कॅन लटकवून, बिनगिअरच्या काळ्या सायकलीवर जो मनुष्य रोज तीच वाट चढतो, तो आपल्याला बहुतेक वेळा मागे टाकतो. त्याच्याशी शर्यत लावू नये आणि त्याचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. तो अहिराणीत ‘कथा जाई ऱ्हायना भो?’ (कुठे चाललास भाऊ?) असे विचारील, तेव्हा पाय टेकून उत्तर द्यावे. उत्तरात पुढच्या गावाचे नाव घ्यावे, कारण ‘असंच, फिरायला’ म्हटल्यास तो बुचकळ्यात पडतो. गावाचे नाव घेतले की पुढे ओढ्याला पाणी किती आहे आणि कोणत्या वळणावर कुत्री सुटतात, हे तो आपणहून सांगतो.