फुकट सर्व्हर घेताना बाहेर जाणारा डेटा आधी मोजा

स्वतः बनवलेल्या कन्सोल गेमसाठी फुकट क्लाउड सर्व्हर मिळाला की नजर आधी प्रोसेसर आणि रॅमवर जाते. पण बिल वाढतं ते बहुधा सर्व्हरमधून बाहेर जाणाऱ्या डेटामुळे. हिशोब सोपा आहे: 10 खेळाडू, प्रत्येकाला सेकंदाला 20 केबी, म्हणजे तासाला सुमारे 720 एमबी. असा एकच सामना महिनाभर अखंड चालला तर 500 जीबीच्या वर! फुकट मर्यादेत एवढं बसतंय का, ते आधी पाहा. बजेट अलर्ट, म्हणजे खर्च ठरलेल्या रकमेपर्यंत पोचल्याची सूचना, लावाच; मात्र तो बहुतेक ठिकाणी फक्त ईमेल पाठवतो, सर्व्हर बंद करत नाही. रिकामा सर्व्हर आपोआप बंद होईल अशी सोय तुम्हालाच करावी लागते.

आणि मुळात सर्व्हर हवाच का? दोन-चार जणांनी मिळून खेळायच्या को-ऑप खेळाला एपिक ऑनलाइन सर्व्हिसेस या एपिक कंपनीच्या सेवेची मोफत लॉबी (खेळाडू एकत्र जमण्याची जागा) आणि पीअर-टू-पीअर, म्हणजे खेळाडूंची कन्सोल थेट एकमेकांशी जोडणारी, जोडणी पुरते. त्यासाठी गेम अनरियल या एपिकच्याच गेम इंजिनमध्ये बनवलेला हवा असंही नाही. चुरशीच्या नेमबाजीच्या गेममध्ये मात्र ज्याच्या कन्सोलवर सामना चालतो त्याला आयता फायदा मिळतो. तिथे डेडिकेटेड सर्व्हरच, म्हणजे फक्त सामना चालवणारा वेगळा सर्व्हर, घ्या, शक्यतो गेमची ग्राफिक्सविना चालणारी लिनक्स आवृत्ती (बिल्ड) करून.