सी कॉर्डमधली मुकी तार

महिनाभर गिटारवर माझा सी कॉर्ड (एकत्र वाजवायचा स्वरांचा गुच्छ) घुमतच नव्हता. मला वाटायचं, जोर कमी पडतोय. मग कॉर्ड धरूनच एकेक तार वेगळी छेडून पाहिली. दुसऱ्या तारेवरची तर्जनी आडवी पडून खालच्या पहिल्या तारेला चिकटत होती, म्हणून ती नुसती ठक्क वाजायची. अंगठा गिटारच्या मानेच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, मागे मधोमध खाली आणला, मनगट थोडं पुढे काढलं, नखं कापली आणि बोट टोकावर उभं केलं. बोटं दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीला (फ्रेटला) अगदी खेटून ठेवली की जोरही कमी लागतो, हे तेव्हाच कळलं. तार खणखणीत वाजली!

आता सी वरून ए मायनर या दुसऱ्या कॉर्डला जाताना फक्त अनामिका उचलते. पाचव्या तारेच्या तिसऱ्या घरातून (घर म्हणजे दोन पट्ट्यांमधली जागा) तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या घरात. बाकीची दोन बोटं जागची हलतसुद्धा नाहीत.