जुनी पितळी मूर्ती की नवी नक्कल? खरेदीपूर्वी काय तपासावे

महाराष्ट्रातील देवघरांत पिढ्यान्‌पिढ्या पुजल्या गेलेल्या खंडोबा, भवानी, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण यांच्या लहान ओतीव मूर्तींना आता संग्राहकांमध्ये मोठी मागणी आहे. लग्नात गौरीहर पुजून झाल्यावर मुलीबरोबर अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण सासरी देण्याची रीत असल्याने या मूर्ती पूर्वी घरोघरी होत्या. त्यांतल्या काही वाटण्यांत विखुरल्या आणि काही मोडीच्या भावाने विकल्या गेल्या. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात त्या मिळतात, पण त्यांच्याच शेजारी अलीकडे ओतून जुन्या दिसाव्यात अशा केलेल्या मूर्तीही मांडलेल्या असतात. नवी मूर्ती नवी म्हणून विकण्यात काहीच गैर नाही. तिला खोटे वय चिकटवले जाते तेव्हा मात्र खरेदीदाराचे पैसे जातात आणि खऱ्या जुन्या कामाची किंमतही कमी होते.

नक्कल ओळखण्यासाठी मूळ काम कसे होत असे, ते आधी ध्यानात घ्यावे. ओतारी मेणाची मूर्ती घडवून तिच्यावर मातीचे थर चढवत, तापवून मेण काढून टाकत, त्या पोकळीत वितळलेला धातू ओतत आणि धातू निवल्यावर साचा फोडत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे. साचा दर वेळी फुटत असल्याने हाताने घडवलेल्या दोन मूर्ती तंतोतंत सारख्या निघत नाहीत. त्यामुळे एकाच दुकानात, किंवा वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे, वाकडे नाक आणि तुटलेले बोट यांसह हुबेहूब जुळणाऱ्या दोन मूर्ती दिसल्या, तर त्यांतली निदान एक साच्यावरून काढलेली आहे असे समजावे. वाळूच्या दोन भागांच्या साच्यात ओतलेल्या मूर्तीला कडेने, विशेषतः काखेत आणि दोन्ही पायांच्या मधल्या जागेत, सांध्याची बारीक उभी रेघ राहते. ती कानशीने घासलेली असली तरी बोटाला जाणवते. मूळ मूर्तीवर रबराचा साचा घेऊन त्यातून मेणाची प्रत काढली असेल, तर ही रेघ मिळेलच असे नाही. अशा प्रतीच्या खोलगट भागांत मात्र हवेच्या बुडबुड्यांमुळे उमटलेले धातूचे बारीक मणी आढळतात. शिवाय धातू निवताना आकसतो, म्हणून मूळ मूर्तीचे खात्रीचे माप उपलब्ध असल्यास प्रत तिच्यापेक्षा किंचित लहान भरते.

सर्वांत भरवशाची खूण झिजेची आहे, आणि माझ्या मते खरेदीदाराने आपला बहुतेक वेळ तिच्यावरच घालवावा. खऱ्या झिजेला कारण असते. ताम्हणात घेऊन रोज अभिषेक, चिंच किंवा राखेने घासणे, वस्त्राने पुसणे, कपाळावर अनामिकेने गंध लावणे, हे वर्षानुवर्षे झाले की बोट जिथे पोहोचते तिथला धातू झिजतो आणि जिथे पोहोचत नाही तिथले काम शाबूत राहते. अन्नपूर्णेचे उदाहरण घ्यावे. तिचे नाक, भुवया, गुडघे आणि हातातल्या पळीची पुढची कड गुळगुळीत होते, पण पळीच्या मागे, पोट आणि हात यांच्या बेचक्यात, साडीच्या निऱ्यांचे कोरकाम तीक्ष्ण राहते. रांगत्या बाळकृष्णाचा लोण्याचा गोळा आणि गाल झिजतात, तर पोटाखालचा भाग जवळजवळ तसाच असतो. साच्यावरून काढलेल्या प्रतीत उंच आणि खोल दोन्ही जागा सारख्याच बोथट दिसतात, कारण तिथे झीज झालेली नसून तपशीलच हरवलेला असतो. मुद्दाम घासून आणलेली झीज भिंगाखाली पाहिल्यास समांतर ओरखड्यांची दिसते आणि ती चेहऱ्याबरोबर पाठीवर, बैठकीच्या कोपऱ्यांवर अशी कुठेही विनाकारण आढळते.

रंगाकडे मात्र सावधपणे पाहावे, कारण फसवणूक सर्वांत सहज रंगानेच होते. नित्य पूजेत असलेली पितळी मूर्ती हिरवी पडत नाही. ती मऊ, तांबूस-पिवळी राहते आणि फटींमध्ये तेल, कुंकू व शेंदूर यांचा काळपट, कडक झालेला थर बसतो. त्यामुळे पूजेतली म्हणून दाखवलेली मूर्ती सर्वांगाने एकसारखी हिरवी असेल, तर ती दोन विधाने एकमेकांशी जुळत नाहीत. दीर्घकाळ जमिनीत राहिलेल्या तांब्याच्या मिश्रधातूवर हिरव्या थराखाली बहुधा लालसर थर असतो आणि तो धातूला घट्ट धरून असतो. आम्ल, मीठ किंवा अमोनिया वापरून आणलेला हिरवा रंग बऱ्याचदा भुकटीसारखा निघतो आणि खाली थेट चकचकीत पिवळा धातू दिसतो. विक्रेत्याच्या परवानगीने बैठकीच्या खालच्या बाजूवर ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस फिरवावा. रंग किंवा लाखेचा लेप असेल तर तो कापसावर उतरतो. नखाने खरवडणे किंवा घरी आणून घासून लख्ख करणे टाळावे, कारण त्यात पुरावाच नष्ट होतो.

मूर्ती उलटी करून पाहण्यास विक्रेता कुरकुर करत असेल, तर खरेदी तिथेच थांबवावी. तळाच्या कडा अनेक वर्षे पाटावर टेकून, सरकून मऊ झालेल्या असाव्यात. जुन्या कानशीच्या आणि छिन्नीच्या खुणा कमीजास्त खोलीच्या असतात, तर यंत्राच्या फिरत्या चाकाच्या खुणा एकसारख्या व वक्र असतात. प्रभावळ आटे पाडलेल्या स्क्रूने बसवलेली असेल, तर निदान तो भाग तरी नंतरचा आहे.

धातूची शंका असल्यास घनता मोजणे सोपे आहे. मूर्तीचे वजन आधी करून घ्यावे. मग पाण्याचे भांडे स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि मूर्ती दोऱ्याने, तळाला किंवा कडेला न टेकवता, पूर्ण बुडवावी. काट्यावर जो आकडा येतो, त्याने मूळ वजनाला भागावे. ८५० ग्रॅमची मूर्ती १०० ग्रॅम दाखवत असेल, तर घनता ८.५ येते आणि ती पितळेशी जुळते; जस्ताच्या स्वस्त मिश्रधातूवर पितळेचा मुलामा असल्यास आकडा १२७ च्या आसपास जातो. आत मातीचा गाभा किंवा बंद पोकळी असेल तर ही कसोटी लागू होत नाही. चुंबक चिकटला म्हणून मूर्ती लगेच बाद करू नये, कारण काही जुन्या मूर्तींच्या गाभ्यात आधारासाठी लोखंडी सळई असे.

मूर्तिलक्षणांचे ज्ञानही उपयोगी पडते. घोड्यावरील खंडोबाच्या मागे म्हाळसा, जवळ कुत्रा, घोड्याखाली दैत्य, हातांत खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि भंडाराचे पात्र, ही योजना जाणणारा ओतारी आयुधे चुकवत नाही. नुसते छायाचित्र पाहून काम करणारा डमरूच्या जागी निरर्थक गोळा बसवतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जाऊन धातूच्या जुन्या वस्तूंचे पृष्ठभाग निवांत निरखावेत. डोळा तयार होण्यास याहून चांगला मार्ग नाही.

मूर्ती फार महाग असेल, तर क्ष-किरणांनी धातूचे पृथक्करण करून घेता येते. त्याचा अर्थ लावताना एक खबरदारी घ्यावी. युरोपातील पितळात जस्ताचे प्रमाण खूप असणे हे वस्तू अलीकडची असल्याचे चिन्ह मानतात, पण राजस्थानात झावर येथे शुद्ध जस्त फार पूर्वीपासून काढले जात होते, त्यामुळे भारतीय मूर्तींना तो नियम जसाच्या तसा लावता येत नाही.

मूर्ती खरीच जुनी ठरली, तर कायदा लागू होतो. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुनी धातुमूर्ती पुरावशेष ठरते. तिची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते, तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून ‘दोनशे वर्षांपूर्वीची’ असे तोंडाने सांगणाऱ्या विक्रेत्याकडे नोंदणीचे कागद मागावेत आणि मूर्ती कोठून आली ते बिलावर लिहून घ्यावे, कारण खरी मूर्ती एखाद्या देवळातून चोरलेलीही असू शकते. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांसाठी जुन्या धाटणीची नवी मूर्ती पाठवायची असेल, तर ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावे. विमानतळावर अडवणूक झाल्यावर ते मिळवणे शक्य नसते.