मास्टर्सनंतर जर्मनीची पीआर: २१ महिने, २४ की २७?

आमच्या सांगलीकडचं कुणी शिकायला जर्मनीला निघालं की माझा नंबर त्यांच्याकडे हमखास पोचतो. आधी ब्लॉक्ड अकाउंटचे (खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) प्रश्न येतात, मग खोलीचे, आणि मग जरा चाचरत, "ताई, पीआर किती वर्षांनी मिळते हो?" हा प्रश्न आईवडिलांचा असतो, मुलं फक्त विचारतात. पीआर म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना. उत्तर असं की पदवीनंतर योग्य नोकरी आणि योग्य कार्ड मिळालं की साधारण दोन वर्षांनी. शिक्षणाची वर्षं त्यात धरत नाहीत. मी केम्निट्झला मास्टर्स केलं, आता श्टुटगार्टजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे, आणि खाली लिहिलंय ते जर्मन विद्यापीठाची पदवी घेणाऱ्यांसाठीच आहे.

सगळ्यात आधी आपलं रेसिडेन्स कार्ड नीट वाचायला शिका. त्यावर कायद्याचं कलम छापलेलं असतं. विद्यार्थी असताना १६बी. पदवीनंतर नोकरी शोधायला मिळतं ते कलम २०. नोकरी लागली की १८बी, म्हणजे पदवीधर कुशल कर्मचारी, किंवा १८जी, म्हणजे ब्लू कार्ड, ठरावीक पगाराच्या वरच्या पदवीधरांचा परवाना. पीआरचं मीटर या शेवटच्या दोन कलमांवरच पडतं. दोन वर्षं अभ्यास आणि वर्षभर नोकरीशोध झाला तरी मीटर शून्यावरच.

कलम २० चं कार्ड १८ महिन्यांचं असतं आणि वाढवून मिळत नाही. त्यावर कुठलंही काम करता येतं, अगदी हॉटेलातलंसुद्धा, आणि इथेच मुलं निवांत होतात. नोकरीचा करार हातात आला तरी "कार्डावर अजून सात महिने आहेत, मग बघू" म्हणत बसतात. हे करू नका. करारावर सही झाली की त्याच आठवड्यात ब्लू कार्डाचा अर्ज टाका. कलम २० वर काढलेले नोकरीचे महिने पीआरच्या हिशेबात येतीलच असं धरून चालू नका.

आता पगार. ब्लू कार्डाला वार्षिक पगाराची किमान मर्यादा आहे आणि ती दर जानेवारीत बदलते. २०२४ मध्ये ती ४५,३०० युरो होती, २०२५ मध्ये ४८,३०० झाली. नवपदवीधरांना, म्हणजे पदवी मिळून तीन वर्षं झालेली नाहीत अशांना, कमी मर्यादा लागू होते: २०२५ साठी ती ४३,७५९.८० युरो होती. टंचाईच्या क्षेत्रांनाही, म्हणजे इंजिनिअरिंग, आयटी, वैद्यकीय वगैरेंना, तीच. या कमी मर्यादेने जाताना रोजगार खात्याची संमती लागते, त्यामुळे थोडा वेळ जास्त जातो. डिसेंबरात करार करत असाल आणि पगार अगदी काठावर असेल, तर पुढच्या वर्षाचा आकडा बघूनच बोलणी करा. एचआरला हे स्पष्ट सांगायला लाजू नका, त्यांना ते माहीत असतं.

पगार बसला नाही तर आभाळ कोसळत नाही. १८बी वर या. तिथे पंचेचाळिशीच्या आतल्यांना ठरावीक आकडा नाही, फक्त त्याच कामाच्या जर्मन माणसापेक्षा पगार कमी नको. आणि हिशेब मांडून बघा. १८बी वर, जर्मन पदवी असेल तर, दोन वर्षं आणि दर महिन्याला पगारातून कापले जाणारे पेन्शनचे २४ हप्ते, सोबत बी१ जर्मन (भाषेच्या पायऱ्या ए१, ए२, मग बी१ अशा चढत जातात). ब्लू कार्डावर बी१ असेल तर २१ महिने. ब्लू कार्ड आहे पण जर्मन ए१ पुरतंच असेल तर २७ महिने. म्हणजे जर्मन येणारा १८बी वाला जर्मन न येणाऱ्या ब्लू कार्डवाल्याच्या तीन महिने आधी पोचतो! ग्रुपवर लोक ब्लू कार्डासाठी जीव टाकतात आणि बी१ ची परीक्षा "नंतर देऊ" म्हणून टाळतात, त्यांना हे तीन आकडे मी परत परत पाठवते. (भारतातल्या पदवीवर थेट नोकरीला आलेल्यांना १८बी वर तीन वर्षं लागतात. इथल्या मास्टर्सचा हा रोकडा फायदा.)

तेव्हा जर्मन. कोर्स इंग्रजीत आहे म्हणून भाषा ऑप्शनला टाकायची सवय फार महागात पडते. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात किंवा दुसरीकडे ए२ पर्यंत करून आलात तर उत्तम. इथे आल्यावर विद्यापीठाच्या भाषा केंद्रात वर्ग असतात, बहुतेक ठिकाणी फुकट किंवा नाममात्र फीत. थिसिस सुरू होण्याआधी बी१ उरकून टाका, कारण थिसिसमध्ये वेळ नसतो आणि नोकरीत अंगात त्राण नसतं. गोएथे इन्स्टिट्यूटची बी१ परीक्षा वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण अशा चार भागांची. प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात, आणि एकात अडकलात तर तेवढाच भाग पुन्हा देता येतो. आपल्या मुलांची गाडी श्रवणात अडते. त्यावर उपाय एकच, रोज अर्धा तास जर्मन बातम्या. बी१ पास झालात म्हणून श्टुटगार्टच्या कारखान्यातला फोरमन काय बोलतो ते कळेल असं मात्र नाही. श्वेबिश ही इथली बोली वेगळीच चीज आहे, पीआरला ती विचारत नाहीत एवढं नशीब.

दुसरी परीक्षा "लेबेन इन डॉइचलांड", म्हणजे जर्मनीतले कायदे आणि समाज यांची तोंडओळख. सोपी आहे, पण तारीख मिळायला वेळ लागतो. प्रश्नसंच जाहीर आहे: ३०० सामायिक प्रश्न आणि तुमच्या राज्याचे १०. परीक्षेत ३३ येतात, वेळ तासाभराचा, फी २५ युरो. पीआरला १५ बरोबर आले तरी चालतात, पण पुढे नागरिकत्वाचा विचार असेल तर १७ लागतात, तेव्हा १७ डोळ्यासमोर ठेवा. राज्याच्या प्रश्नांत तुमच्या राज्याचं बोधचिन्ह चार चित्रांतून ओळखायला सांगतात. मी सॅक्सनीत शिकले आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये परीक्षा दिली, तेव्हा राहता त्या राज्याचा संच घोटा. नोंदणी गावातल्या फोल्क्सहोखशुलेत (प्रौढ शिक्षण केंद्रात), निकाल टपालाने, तोही सावकाश. पात्रतेच्या तारखेच्या सहा महिने आधी हे हातावेगळं करा.

खरी मेख पेन्शनच्या कागदात आहे. डॉइचे रेंटेनफर्झिखेरुंग या सरकारी पेन्शन विमा संस्थेकडून "फर्झिखेरुंग्सफरलाउफ" नावाचा उतारा मागवायचा, ऑनलाइन मागवला की टपालाने घरी येतो. सातबारासारखाच तो वाचायला लागतो, रकान्यात प्रत्येक कालावधी आणि पुढे महिन्यांची संख्या. चालू वर्षाचे महिने त्यात बहुधा नसतात, कारण कंपनी मागच्या वर्षाची आकडेवारी पुढच्या फेब्रुवारीत कळवते. लोक घाबरून फोन करतात, "ताई, माझे नऊ महिने गायब आहेत!" गायब नाहीत, अजून नोंदले नाहीत. त्या महिन्यांच्या पगारपत्रकांवर आर. व्ही. (पेन्शन विमा) या अक्षरांपुढे कापलेली रक्कम दिसते, ती सगळी पत्रकं जोडा. वर्किंग स्टुडंट असतानाचे हप्तेही या उताऱ्यात दिसतील. १८बी वाल्यांच्या २४ हप्त्यांत त्यांचा उपयोग होतो, पण कार्डाची दोन वर्षं तरीही भरावीच लागतात. ब्लू कार्डाला ते चालत नाहीत, तिथे ब्लू कार्डाच्या नोकरीतलेच महिने मोजतात.

बाकीची फाइल सरळ आहे. पासपोर्ट, पदवी, नोकरीचा करार, अलीकडची पगारपत्रकं, आरोग्य विम्याचा दाखला, भाडेकरार, दोन्ही परीक्षांची प्रमाणपत्रं, आणि कंपनीचं ताजं पत्र की माणूस अजून नोकरीत आहे आणि कुणीही नोटीस दिलेली नाही. हे शेवटचं पत्र फार आधी काढू नका, जुनं झालं की परत मागतात. फी ११३ युरो. कुणी सल्लागार पीआरची "गॅरंटी" देऊन हजारात पैसे मागत असेल तर हा आकडा लक्षात ठेवा.

टर्मिन, म्हणजे परदेशी नागरिक कार्यालयातली भेटीची वेळ, मिळवणं ही मात्र शहरागणिक वेगळी कथा. काही ठिकाणी ऑनलाइन अर्ज घेतात, काही ठिकाणी ईमेल, कुठे महिनोन्‌महिने उत्तर नाही. जुनं कार्ड संपायच्या आत अर्ज पोचला पाहिजे, एवढं सांभाळा. कार्ड संपलं आणि निर्णय आला नाही तर "फिक्सिओन्स" प्रमाणपत्र मागा, त्यावर आधीचे हक्क चालू राहतात. दिवाळीला घरी जायचं तिकीट त्या काळात काढणार असाल, तर त्या कागदावर परत प्रवेशाची सोय आहे ना, हे आधी त्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या.

मध्येच नोकरी गेली तर दोन आठवड्यांच्या आत परदेशी नागरिक कार्यालयाला कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. लपवून ठेवू नका. नवी नोकरी शोधायला ते सहसा मुदत देतात. ब्लू कार्डावर पहिल्या १२ महिन्यांत कंपनी बदलली तरी कळवायचं, त्यानंतर त्याची गरज नाही.

पीआर मिळाल्यावर कंपनी, शहर, धंदा, काहीही बदला. बंधन एक राहतं: सलग सहा महिन्यांहून जास्त जर्मनीबाहेर राहिलात तर ती आपोआप रद्द होऊ शकते. आईवडिलांच्या आजारपणासाठी लांब मुक्काम लागणार असेल तर निघण्याआधी कार्यालयाकडून जास्तीची मुदत लेखी मिळवा, परत आल्यावर मागून उपयोग नाही. पासपोर्ट भारतीयच राहतो. नागरिकत्व पाच वर्षांनी मागता येतं, त्यात शिक्षणाची वर्षंही धरतात. जून २०२४ पासून जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालतं, पण भारताला चालत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय सोडायचा आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढायचं. तो निर्णय घरी सगळ्यांशी बोलून घ्या, पीआरला त्याची घाई नाही.

आणि पासपोर्टची मुदत जवळ आली असेल तर तो आधी नवा करून घ्या. श्टुटगार्टवाल्यांना म्युनिकचा वकिलातीचा रस्ता धरावा लागतो. पीआरचा हक्क कायमचा असला तरी प्लॅस्टिकच्या कार्डावरची तारीख पासपोर्टच्या तारखेशी बांधलेली असते. दीड वर्षाच्या पासपोर्टवर पीआर घेतलीत तर दीड वर्षाने नव्या कार्डासाठी पुन्हा टर्मिन शोधायला बसाल.