विंडोजमध्ये प्रोग्रॅममधून फॉन्ट बसवताना आलेला अनुभव

एका जुन्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर देवनागरी फॉन्टची फाइल विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये निमूटपणे टाकत असे, पण वर्ड प्रोसेसरच्या यादीत तो फॉन्ट काही दिसत नसे. कोडमधून नुसती फाइल कॉपी करणे म्हणजे फॉन्ट बसवणे नव्हे, कारण रजिस्ट्रीतील (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवते त्या भांडारातील) नोंद त्यातून होत नाही. म्हणून कॉपीनंतर विंडोजला नवा फॉन्ट कळवणारे ‘ॲडफॉन्टरिसोर्स’ हे फंक्शन जोडले. त्याने चालू सत्रापुरता फॉन्ट मिळाला, पण संगणक पुन्हा सुरू करताच तो गायब झाला.

फॉन्ट टिकवण्यासाठी रजिस्ट्रीतील ‘फॉन्ट्स’ या कीखाली (म्हणजे कप्प्याखाली) फॉन्टचे नाव, त्यापुढे कंसात ट्रूटाइप हा फॉन्टचा प्रकार आणि मूल्य म्हणून फाइलचे नाव अशी नोंद केली. आधीपासून उघड्या असलेल्या प्रोग्रॅमना बदल कळावा म्हणून ‘डब्ल्यूएम फॉन्टचेंज’ हा संदेशही सर्व खिडक्यांना पाठवला. इथे संदेशाला उत्तर येईपर्यंत थांबणारे साधे ‘सेंडमेसेज’ हे फंक्शन वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एखादी खिडकी प्रतिसाद देत नसेल, तर इन्स्टॉलरही तिच्यासोबत अडकून बसतो. ठरावीक वेळच थांबणाऱ्या ‘सेंडमेसेजटाइमआउट’ने ती अडचण दूर झाली.

या साऱ्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. ते नसतील, तर विंडोज 10च्या 1809 आवृत्तीपासून वापरकर्त्याच्या ‘लोकल ॲपडेटा’तील फॉन्ट्स फोल्डर वापरता येतो, मात्र त्या वेळी नोंद रजिस्ट्रीतील ‘करंट युजर’ या त्या वापरकर्त्यापुरत्या भागाखाली करून फाइलचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. फॉन्ट काढताना ‘रिमूव्हफॉन्टरिसोर्स’ हे उलटे काम करणारे फंक्शन आधी बोलवावे, नाहीतर फाइल वापरात असल्याचे सांगून विंडोज ती पुसू देत नाही.